नळीतलं शिसं

तिला सगळे रणगाडा म्हणायचे. खांदे रुंद, मांड्या खांबासारख्या, आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात कुणी आडवी आली तर कोपर थेट तिच्या बरगडीत. आईबाप लहानपणीच गेले. मामाने वाढवलं, मामानेच सायकलवर बसवलं. कार्बनच्या फ्रेम बनवायचा कारखाना त्याचा आणि शर्यतीचा संघही त्याचाच.

शर्यतीची सायकल सहा किलो आठशे ग्रॅमच्या खाली भरली तर पंच बाद करतात. मामाची नवी फ्रेम इतकी पातळ, की सायकल काट्यावर कमीच भरायची. मग त्याने पंचांच्या नकळत सीटखालच्या नळीत शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या.

"शिसं कोंबण्यापेक्षा कार्बनच जाड कर ना," ती म्हणाली.

"सगळ्यात हलकी फ्रेम म्हणून विकायचीय मला. तू पेडल मार."

शर्यतीच्या आधी सरावात ती दगडी कठड्यावर आदळली. फ्रेमवर साधा ओरखडा नव्हता. लोखंडाला मार बसला की ते वाकून सांगतं. कार्बन आतल्या आत चिरतो आणि गप्प बसतो. मामाने नाण्याने टकटक केलं, कान लावला. "ठणठणीत आहे."

शर्यतीत, डोंगराच्या उतारावर, हँडलखालची नळी काडकन मोडली. ती तोंडावर आपटली. मागून येणारी मामेबहीण, मामाची एकुलती एक पोर, थेट तिच्यावर येऊन धडकली आणि तुटक्या नळीचं टोक बहिणीच्या मांडीत आरपार घुसलं.

रणगाडा उठली. खालचा ओठ फाटून लोंबत होता. अंगातली जर्सी काढून तिने ती बहिणीच्या मांडीवर दाबून धरली. फ्रेमचे तुकडे झाले होते, शिशाच्या पट्ट्या रक्तात पसरल्या होत्या.

मामाची गाडी मागेच होती. तो धावत आला. तिच्याआड कोण पडलंय हे त्याने बघितलंच नाही.

"आधी त्या पट्ट्या उचल! पंच येतायत."

तिने शेजारचा तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात उडाले. परत हाणला. तो गुडघ्यावर कोसळला तेव्हा त्याला आपली पोरगी दिसली. मग तिसरा फटका त्याने हात न उचलता खाल्ला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर बहिणीने विचारलं, "बाबांना मारलंस?"

"हो."

"माझ्यासाठी काही ठेवलंस की नाही?"

रणगाडा हसली आणि ओठाचे टाके उसवले. संध्याकाळी मामा दारात आला, तर पोरीने पाण्याचा जग फेकून त्याचं कपाळ फोडलं. तो रक्त न पुसता बाकड्यावर बसून राहिला.

मारहाणीपायी रणगाड्यावर दोन वर्षांची बंदी आली, शिशापायी मामावर कायमची. त्याने फ्रेमचे साचे स्वतः घणाने फोडले. मामी बाजूला उभी राहून, "तो कोपऱ्यातला राहिलाय," म्हणत बोट दाखवत होती. बहीण काठी घेऊन चालायला लागली.

बंदी संपल्यावर रणगाडा परत उतरली, जड स्टीलच्या सायकलवर. पहिल्याच उतारावर तिचे हात आपोआप ब्रेकवर आवळले. बोटं सुटेचनात. एकेक करत सगळ्या पुढे निघून गेल्या. ती थांबली, सायकल डोक्यावर उचलली आणि कडेच्या भिंतीवर आपटली, आपटत राहिली. फ्रेम वाकली, पण मोडली नाही. मग तीच खांद्यावर टाकून ती पायी उतरली.