स्टेलाचं ‘येऊ का?’

उद्या मुलाखतीत कुणी भुवई उंचावून “हे असं का केलं?” एवढंच विचारलं, तरी स्टेला कारण सांगणार नाही. “बदलते” म्हणेल. जेवणं झाल्यापासून ही एकच धास्ती मनातून जात नाही.

स्टेला माझी धाकटी. मोबाईलवरची ॲप माणसाला न अडखळता वापरता यावीत म्हणून ती कशी आखायची, याचा कोर्स तिनं पुण्यात राहून पूर्ण केला. यूएक्स डिझाइन म्हणतात त्याला. सर्टिफिकेट आलं, आता नोकरी शोधायची. उद्या पहिलीच मुलाखत. ती पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर आहे आणि मी इथे राहात्याला.

खरं तर हे काम ती कोर्सच्या कितीतरी आधीपासून करते. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बटणांची एक लांबलचक पाटी आहे, सगळी बटणं सारखी. ऐन उपदेशात कुणीतरी दिवा लावायला उठायचं आणि पंखे बंद करून यायचं. स्टेला आठवीत असताना एका रविवारी पंख्यांच्या बटणांवर लाल ठिपके दिसले. नेलपॉलिशचे. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “ही सोय कुणी केली?” स्टेला माझ्याशेजारी मान खाली घालून बसलेली, लाल रंग लागलेला अंगठा मुठीत लपवून. मी कोपरानं ढोसलं तरी तोंड उघडलं नाही. शेवटी शाबासकी एडविनला मिळाली, कारण पाटीजवळ तो उभा होता. एडविन माझ्या जावेचा मुलगा. त्यानंही ती घेतली.

आता तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, “त्याला एक फोन करते, शब्द टाकेल तुझ्यासाठी.”

“मम्मी, एडविनदादाला काही बोललीस तर मी मुलाखतीलाच जाणार नाही.”

घरात मात्र अशी ठाम बोलते.

कोर्सच्या शेवटी एक काम पूर्ण करून दाखवायचं असतं. नोकरी देणारे तेच बघतात. वर्गातल्या बहुतेकांनी जेवण मागवायचं ॲप घेतलं. स्टेला सुट्टीला घरी आली आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या दूध केंद्रावर जाऊन बसली. दूध किती भरलं, फॅट किती लागली, हे बायकांना मोबाईलवर बघता यावं असं तिनं आखलं. खरं ॲप नव्हे, नुसती चित्रं. पण बटण दाबलं की पुढचं पान उघडायचं, आणि आकडे केंद्राच्या वहीतले खरे भरले होते.

पहिली परीक्षा मालनबाईंवर. आमच्या मागच्या वस्तीवर त्यांची पेरूची बाग आणि तीन गाई आहेत. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं बरोबर केलं. लिटर बघितले, फॅट बघितली, खूश झाल्या. मग फोन एकदम लांब धरला.

“आता गं बया! माझंच दूध घेतंय आन् वर मलाच म्हणतंय, बाहेर पडा!”

आपलं खातं बंद करायच्या, म्हणजे लॉगआउटच्या बटणावर स्टेलानं ‘बाहेर पडा’ लिहिलं होतं. सगळीकडे तसंच असतं, आपण वाचतही नाही. मालनबाईंनी ते दाबलं नाही. फोन तसाच शेजारी बसलेल्या बनुबाईंच्या हातात दिला, त्याही केंद्रावर दूध घालतात, तर त्यांना मालनबाईंचंच दूध दिसलं.

“मालन, बारा लिटर? आन् मला म्हनत हुतीस गाय आटली?”

त्यावरून दोघींची जी जुंपली, ती चहा आणूनच थांबवावी लागली. एका घरात, एका गोठ्यात एकच फोन चार हातांत फिरतो. ते बटण दाबलं नाही तर सगळ्याच ॲपचा घोळ. स्टेलानं विचारलं, “मावशी, मग तिथं काय लिहू?”

“कुनाच्या घरून निघताना काय म्हंतो आपुन? जाते म्हंतो व्हय? येते म्हंतो. उद्या सकाळी परत जायाचंच हाय की केंद्रावर.”

स्टेलानं ‘येते’ लिहिलं. संध्याकाळी तिच्या पप्पांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, “आणि मी दाबलं तर? आधी मिशा काढून येऊ का?”

स्टेला हसली, मग हसता हसता थांबली. “पप्पा, काय म्हणालात? येऊ का?” बाईनंही म्हणावं, पुरुषानंही म्हणावं. तिनं तेच बटणावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर सगळ्यांनी फोन परत देण्याआधी ते दाबलं. एका आजोबांनी तर दाबताना मोठ्यानं म्हटलंसुद्धा, “बरं, येऊ का?”

हे सगळं तिनं कामात मांडलं होतं. भांडणासकट. परवा कोर्सच्या सरांनी मुलाखतीची तालीम घेतली. ते हसले म्हणे. “गोड आहे, पण असं बटण कुठे असतं का? कंपनीला नेहमीचे शब्द लागतात.” त्यांचंही अगदी चूक नसेल. पण स्टेलानं एका शब्दानं सांगितलं नाही की नेहमीच्या शब्दानं काय झालं होतं. तिथं ‘लॉगआउट’ लिहिलं, मालनबाई काढून टाकल्या आणि एक जेवण मागवायचं ॲप घाईनं करून सगळ्यात वर ठेवलं. आज संध्याकाळी फोनवर हे ती मला अगदी सहज सांगत होती, जसं काही पडद्याचा रंग बदलला.

मी म्हटलं, “अगं, तेच तर तुझं स्वतःचं होतं.”

“हो मम्मी.”

हे ‘हो मम्मी’ मला पाठ आहे. त्याचा अर्थ, तू आई आहेस, तू असंच म्हणणार. आईच्या मताला मुलाखतीत किंमत नसते, हे तिला कळतं, मलाही कळतं. त्यामुळे मी पुन्हा फोन करून उपयोग नाही. एडविनचं नाव मघाशी फोनवर काढलंही होतं, तिनं लगेच तोडून टाकलं. त्यानं शब्द टाकला आणि तिला नोकरी लागली, तर ती पुन्हा अंगठा लपवूनच बसेल.

आणि मग आठवलं, कालच मालनबाई कुंपणावरून विचारत होत्या, “माजं ‘येऊ का’ ठिवलंय ना पोरीनं?” त्यांना वाटतं, ते ॲप त्या दोघींनी मिळून केलंय. मी “ठेवलंय” म्हणाले. काल मला माहीत नव्हतं.

मुलाखत अकराला आहे. पानं पुन्हा जागच्या जागी ठेवायला तिला फार वेळ लागणार नाही. मालनबाई धारा काढायला पहाटे उठतात. त्या उठल्या की मी त्यांना फोन करणार आहे. सांगणार आहे की तुमचं ‘येऊ का’ पोरीनं काढून टाकलंय, तिचा नंबर देते, आत्ताच्या आत्ता फोन करा आणि चांगलं फैलावर घ्या.