मामाजींनी बसवलेला स्टँड

आमच्या घरात एक सायकल आहे. तिला ऊन चालत नाही, धूळ चालत नाही, गिट्टी उखडलेला रस्ता चालत नाही. आता अमरावतीच्या रस्त्यावर या तीन गोष्टी सोडून आणखी काय असतं, ते मला तरी ठाऊक नाही. म्हणून ती हॉलमध्ये राहते. माझी स्कूटी मला रोज शाळेत शिकवायला नेते, गव्हाचं पोतं आणते, आणि वर्षभर बाहेर कडुनिंबाखाली उभी असते.

सायकल माझ्या नवऱ्याची. तो कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चार वर्षं पुण्यात शिकून आला तेव्हापासून त्याची जीभ धुऊन इस्त्री केल्यासारखी झाली आहे. मले-तुले त्याला चालत नाही. पायावर काही जड पडलं तरच अस्सल वऱ्हाडी बाहेर येतं, आणि तेवढ्यापुरता तो मला आवडतोही.

दर रविवारी सकाळी त्याचे सायकलवाले मित्र जमतात. एक दातांचे डॉक्टर, एक कृषी केंद्राचे मालक, दोन बिल्डर, आणि हा. अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत हे पाचही जण चिखलदऱ्याच्या घाटाच्या गोष्टी करतात, वीस किलोमीटर जातात, चार-चार गिले वडे खातात आणि परत येतात. बोलणं सगळं ग्रॅममध्ये. कुणाची गादी किती ग्रॅमची, कुणाचं हँडल किती ग्रॅमचं. माझ्या नवऱ्याने एकदा साधे स्क्रू काढून टायटॅनियमचे बसवले, तर अकरा ग्रॅम वाचले म्हणून दोन दिवस घरात दिवाळी. मी म्हटलं, खिशातला रुमाल घरी ठेवला असता तरी तेवढं वाचलं असतं. "तुला यातलं कळत नाही," तो म्हणाला. हे उत्तर आमच्या घरात सगळ्यांना मिळतं, पाळी तेवढी वेगवेगळी येते.

मग त्याला कार्बनची फ्रेम हवी झाली. चीनहून खोकं आलं. आत सांगाडा, काळा, नुसता. तो त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, पीठ पुसूनसुद्धा न घेता. एक किलो आणि थोडे ग्रॅम. माझ्या माहेरच्या, पातूरकडच्या एका बऱ्या पत्ताकोबीएवढं. तो मात्र देव्हाऱ्यातला देव उचलावा तसा दोन्ही हातांनी ती फ्रेम घेऊन घरभर फिरला.

सायकल आपण स्वतः जोडायची, असं त्याने जाहीर केलं. इथल्या मिस्त्र्यांना कार्बनचं ओ की ठो कळत नाही म्हणे. तीन रविवार हॉलमध्ये सतरंजी पसरलेली, त्यावर पाने, पेचकस, आणि मधे मोबाईलवर कुणीतरी गोरा मनुष्य सांगतोय. ब्रेकची केबल फ्रेमच्या आतून न्यायची होती. ती एका भोकातून जाई आणि दुसऱ्यातून निघायचं नाव घेत नसे. दीड तास झाल्यावर मी दोरा आणला, त्याचं टोक एका भोकात घातलं आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली. दोरा सुर्रकन बाहेर. दोऱ्याला केबल बांधून ओढली. संध्याकाळी मित्रांना फोनवर तो सांगत होता, "व्हॅक्यूमची आयडिया मला एकदम सुचली."

खोक्यात एक लहानशी ट्यूबही आली होती. गादी ज्या नळीवर बसते, त्या नळीला लावायची लुगदी. वाळूसारखी खरखरीत, म्हणजे नळी घसरत नाही. ती याला घाण वाटली. त्याने ट्यूब बाजूला फेकली आणि नळीला चांगलं बोटभर ग्रीस चोपडलं. ग्रीस लावलेली नळी घसरणारच. दोन किलोमीटर गेलं की गादी खाली. मग हा घरी येऊन नळीभोवतीच्या कड्याचा वरचा नट आवळायचा. पुन्हा घसरली, पुन्हा आवळायचा, दात-ओठ खाऊन. नट किती आवळायचा हे सांगणारा खास पाना असतो, टॉर्क रेंच म्हणतात. ठरलेल्या जोरापाशी आला की तो टक्क वाजतो. तोही याने मागवला होता. पण तो लाल डबीत, डबी शोकेसमध्ये, पदकांशेजारी. वर्गात पोरांना फळ्यावर टॉर्क शिकवणारा माणूस घरी म्हणत होता, "मला हाताला कळतं."

या दिवसांत मामाजी आमच्याकडे आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. मूर्तिजापूरजवळ खेड्यात राहतात, शेतात पऱ्हाटी-तूर पिकवतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं दीड महिन्याने करायचं होतं, तोवर मुक्काम आमच्याकडे ठरला. हिरवी पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी घरातली एकेक वस्तू नव्याने पाहिली, आणि सायकलीपाशी थांबले.

"बाई, इले स्टँड कावून नाही?"

"नसतो मामाजी या सायकलींना. वजन वाढतं."

"मंग उभी कशी राह्यते?"

"भिंतीला टेकवून."

त्यांना ते पटलं नाही. बिनस्टँडची सायकल म्हणजे बिनखुंट्याचं ढोर, असं म्हणाले. एवढी महागाची वस्तू पोरगा आणतो आणि तिला उभं राहता येत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आणि नवरा क्लासला असताना मामाजी ती सायकल हाताने ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्र्याकडे घेऊन गेले आणि स्वतःच्या पैशाने स्टँड बसवून आणला. मागच्या चाकाशेजारच्या नळीवर, मधे जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घालून, रंग घासला जाऊ नये म्हणून.

नवरा घरी आला तो नेमका दातांचे डॉक्टर आणि कृषी केंद्रवाल्यांना घेऊन. नवी सायकल दाखवायची होती. सायकल हॉलच्या मधोमध स्टँडवर उभी, आणि शेजारी मामाजी, चेहरा फुललेला.

पुढचं मला पूर्ण लिहवत नाही. "बाबा, अक्कल आहे का तुम्हाला? कार्बन आहे हा, कार्बन! चिमटा लावला की आतून चिरडतो! बैलगाडी वाटली का तुम्हाला?" डॉक्टर हसले. कृषी केंद्रवाले मोबाईल काढून स्टँडचा फोटो घेऊ लागले. मामाजींनी गादीवरचा हात काढून घेतला. एवढंच म्हणाले, "ते वरतचं जरा पाहून घेजो, बाप्पा." नवरा म्हणाला, "तुम्ही आता मला शिकवू नका."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही. पाहुण्यांना साखर कमी की जास्त, तेवढं विचारलं. या गोष्टीत मी इतरांना नावं ठेवते आहे, तेव्हा हेही लिहून ठेवते.

सकाळी मामाजी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेले. शेतात काम आहे म्हणाले.

तीन आठवड्यांनी सायकल कुरकुरायला लागली. पायडल मारलं की कर्र, कर्र. नवऱ्याने निदान केलं: फ्रेम गेली, बाबांच्या स्टँडने गेली. मित्रांच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा फिरला, खाली हसरे चेहरे. मग त्याने गावी फोन लावला, स्पीकरवर, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बाबा, तुमच्या त्या स्टँडमुळे फ्रेम क्रॅक झालीय. फेकून द्यावी लागणार."

 पलीकडून आवाज आला, "माह्या हातून झालं असन त माफ कर, बाप्पा."

दुसऱ्या डोळ्याच्या तारखेची आठवण मी करून दिली, तर म्हणाले, एका डोळ्यानं भागते.

त्या रात्री मला नवऱ्याचा मनापासून तिटकारा आला. माणूस चुकतो, त्याचं काही नाही. पण याने तपासलंसुद्धा नव्हतं. फिजिक्सचा मास्तर, आणि पुरावा काय तर बापाचं खेडवळपण.

दुसऱ्या दिवशी तो क्लासला गेल्यावर मी सतरंजीवर बसले. माझं माहेर माळ्याचं. पातूरला आमची टरबुजाची वाडी होती, माल अकोल्याच्या बाजारात जायचा, आणि सहा-सात वर्षांची असल्यापासून मी टरबूज बोटाने वाजवून वेगळं काढायचे. कच्चं टणटण बोलतं, पिकलेलं घुमतं, आतून सडलेलं बद्द होतं. कार्बन काही टरबूज नाही, पण पोकळ वस्तू पोकळच. बोटाचं पेर वाकवून मी त्या फ्रेमला समोरून मागे वाजवत गेले. स्टँड जिथे होता तिथे दहा वेळा वाजवलं. टिक, टिक, स्वच्छ. वर ट्यूबच्या रबराची पुसटशी खूण, बाकी काही नाही. मग गादीखाली आले. नटाच्या कड्यापाशी वाजवलं, आणि बद्द.

कडं सोडवलं. खाली केसाएवढी चीर, बोटभर लांब. नख फिरवलं की अडकत होतं. आत सगळं ग्रीस.

नवरा आल्यावर मी त्याच्यासमोर दोन्ही जागा वाजवल्या आणि चीर दाखवली. शोकेसमधून लाल डबी काढली, ड्रॉवरमधून ती न उघडलेली ट्यूब काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. तो वाकला, मोबाईलचा टॉर्च लावून बराच वेळ पाहत राहिला. त्याला कळलं. त्याला कळलं हे मलाही कळलं, कारण मानेपर्यंत लाल झाला.

"बाबांना फोन करा," मी म्हटलं.

"आता कशाला विषय उकरायचा? ते विसरलेही असतील."

संध्याकाळी त्याने नव्या फ्रेमची ऑर्डर टाकली. जुनीचे भाग काढून सांगाडा माळ्यावर टाकला. ग्रुपवर स्टँडचा फोटो होता तिथेच राहिला.

रविवारी तो राईडला गेला आणि मी तो सांगाडा काखेत मारून मूर्तिजापूरची एसटी पकडली. कंडक्टरने विचारलं, "मॅडम, बाकीची सायकल कुठी हाय?" मी म्हटलं, ज्याची आहे त्याच्या डोक्यात. त्या बिचाऱ्याने माझं तिकीट फाडलं आणि पुढे सरकला.

मामाजी ओसरीवर तूर निवडत बसले होते. सूप डाव्या बाजूला धरलेलं, कारण उजव्या डोळ्याने अजून धुकं दिसतं. मी फ्रेम त्यांच्यासमोर ठेवली.

"मामाजी, वाजवून पाहा."

त्यांनी फ्रेमला हात लावला नाही. "मले मालूम हाय, बाई," म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"वरतून बद्द वाजते ते. मिस्त्र्यानं स्टँड बसोला तवाच मी बोट मारून पाहेलं होतं, खाली-वर सगळीकडं. मडकं घेतानी पाह्यतोच ना आपुन. खालतं चांगलं होतं, वरतं गेलेलं होतं. नट लयच आवळला होता पोरानं."

मला हॉलमधला तो दिवस आठवला, डॉक्टरांचं हसू, आणि ते एकच वाक्य, वरतचं जरा पाहून घेजो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? त्याने फोन केला तेव्हा माफी का मागितली?"

"त्याचे दोस्त उभे होते ना समोर," मामाजी म्हणाले. सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "अन् फोनवर कोन कोन ऐकून राह्यलं, मले का माहीत?"

मी डोळे पुसले आणि कामाचं बोलले. डोळ्याची तारीख जवळ आली आहे, आजच चला.

"त्यानं बलावलं काय?"

"हो. त्यांनीच पाठवलंय मला."

मामाजींनी त्या एका चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "हेबी बद्दच वाजलं, पोरी." मग पुन्हा तूर निवडायला लागले. "तो सोता फोन करन त्या दिवशी येतो. माफीचा एक शब्दबी मांगत नाही मी. नुसतं या म्हणन त येतो."

जेवून परत आले. नवऱ्याला मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, दोस्त उभे होते त्यासकट. त्याने ऐकून घेतलं. "करतो फोन," म्हणाला.

आता नवी फ्रेम आली आहे. सतरंजी पुन्हा पसरली आहे. या वेळी त्याने नळीला ती खरखरीत लुगदी नीट लावली, आणि नट आवळताना रेंच वापरतो. पाच न्यूटन-मीटर, टक्क, की थांबतो. एवढं शिकला. डोळ्याची तारीख गुरुवारी आहे. मी रोज सकाळी त्याचा फोन त्या लाल डबीवर ठेवते, गावचा नंबर काढून. तो फोन उचलून बाजूला ठेवतो, डबी उघडतो आणि रेंच घेतो.