नांगराची निशाणी

बाबारावमामांनी जन्मात एकदाच भाषण केलं, आणि ते लिहून दिलं होतं मी. त्यातला एकही शब्द त्यांनी वाचला नाही. हे मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर मागून कोणीतरी सांगणारच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारूद भरणारे. घर महानुभावांचं, त्यामुळे गणपतीपुढे हात जोडायचे नाहीत; पण मांडवाचं वायरिंग दर वर्षी तेच करायचे. "देव तुमचा, करंट माहा," म्हणायचे. शेडमध्ये शिरताना दारावर जोडीदारानं जोडीदाराचे खिसे तपासायचे, असा तिथला नियम. एक काडी आत गेली तर सगळी शेड उडणार. मामांचा जोडीदार शब्बीर. अकरा वर्षं दोघं रोज सकाळी एकमेकांचे खिसे चाचपत आले होते.

पासष्ट साली ऐन गणपतीत लढाई पेटली. मंडळाचे सेक्रेटरी श्रीरंग, माणूस उत्साही, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी अर्ज करायचं ठरवलं: भरणीच्या शेडमधून मुसलमान कामगार काढून टाका. सह्या हव्यात तर आधी माणसं तापायला हवीत. म्हणून शिफ्ट सुटल्यावर मांडवात कार्यक्रम ठेवला, 'धर्मासाठी सोसलेलं', आणि बोलणार बाबारावमामा. कारण मामांकडे पोथी होती. दीडशे वर्षांमागे अचलपूरकडचं गाव सोडावं लागलं, तेव्हा पूर्वजांनी ती पोटाला बांधून आणली, हे सगळ्या क्वार्टरांना ठाऊक होतं.

अर्जही मीच लिहिला. अक्षर चांगलं असलं की माणसाला अक्कल लागत नाही. पहिली सही माझीच. भाषणात मी घोडेस्वार घातले, जळती घरं घातली, सुलतान कोणता ते मोघम ठेवलं. गावातून कोणी हाकललं, हे मामांना विचारावं असं मला सुचलंच नाही. ते मला ठाऊकच होतं ना.

"कागद वाचून मोकळे व्हा," पुष्पामामी निघताना म्हणाली. "काहून वाकड्यात शिरता?"

"मी तं सरळच सांगणार हाव," मामा म्हणाले.

मांडव भरला होता. मामांनी माझं भाषण घडी करून खिशात घातलं, पोथीचं बासन सोडलं आणि पोथीखालून एक पिवळा पडलेला मोडी कागद काढला.

"आमच्यावर तलवार कोणी काढली नाही," ते म्हणाले. "घोडा आला नाही. हा कागद आला. गावानं देशमुखाकडे अर्ज केला, देशमुखानं तोच आमच्या हाती दिला. हे लोक आपले देव मानत नाहीत, यांची पोथी सांकेतिक लिपीत, आपल्याले वाचता येत नाही, मनात काय आहे समजत नाही, यांना विहिरीवर येऊ देऊ नये. गाव आपलंच होतं. पाटील आपला, जोशी आपला."

श्रीरंग उठले. "बाबारावजी, जुनी गोष्ट आहे. आत्ता कशाला?"

"जुनी गोष्ट सांगा, असं तुम्हीच तं म्हणाले, भैया. बसा."

श्रीरंग बसले. मामांनी कागद वर धरला.

"लिहिता येत नव्हतं, त्यांनी आपल्या धंद्याची निशाणी काढली. ही शिंप्याची कात्री. हा वाण्याचा तराजू. आणि हा नांगर, शेजारच्या कुणब्याचा. त्याचा बैल आजारी होता तेव्हा आमच्या लोकांनी रातभर शेकला होता. माणूस वाईट नव्हता तो. पुढे कागद आला, त्यानं नांगर काढला. चार दिवसांत पाणी बंद झालं." मग त्यांनी टेबलावरचा आमचा अर्ज उचलला. "यावर तुम्ही काय काढान? तोफेचा गोळा?"

मागे कोणीतरी हसलं. मामा हसले नाहीत.

"शब्बीरचे खिसे मी रोज पाहून राहिलो. त्याच्या खिशात काय असते ते मले विचारा. आणि माह्या खिशात काय असते ते त्याले."

मग माझ्याकडे वळून अर्ज पुढे केला. "वाच. अक्षर तुह्यंच आहे."

मी वाचू लागलो. 'यांच्या मनात काय आहे हे कळत नाही' या ओळीवर माझी जीभ अडली. मी ते वाक्य आपल्या डोक्यानं लिहिलं, असं मला वाटत होतं. खाली माझी सही होती, तिच्याखाली कोरी जागा. मी पेन काढलं आणि सही खोडली. खोडलेल्या सहीखाली दुसरी सही करायला कोणी पुढे आलं नाही. श्रीरंग आरतीची तयारी बघायला गेले.

मामांनी अर्ज मागून घेतला, जुन्या कागदावर ठेवला आणि बासन बांधलं. "संगंच राहू दे दोन्ही," म्हणाले.

शब्बीर रिटायर होईपर्यंत ती जोडी तुटली नाही. मामा गेल्यावर बासन माझ्याकडे आलं. आता नातवंडांच्या मोबाईलवर सुलतान आणि घोडेस्वार रोज येतात, आणि मग ती विचारतात, आजोबा, आपल्याला कोणी हाकललं होतं? मी पोथी बाजूला ठेवतो आणि दोन्ही अर्ज समोर मांडतो. नांगर कोणाचा ते सांगतो. मग खोडलेली सही कोणाची, तेही सांगतो.