आंघोळ झाली की व्हिनेगर ओतून ठेवा

पप्पा वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे तोवर आमचं बरं चाललं होतं. मग त्यांचा मणका गेला आणि सानपाड्याच्या गावठाणातल्या आमच्या एका खोलीत ते भिंतीला पाठ लावून बसले. मी शाळेत होते. आईने सोसायट्यांमध्ये घरकाम धरलं. झाडू-लादी, भांडी आणि बाथरूम. बाथरूमचे वेगळे पैसे मिळायचे, कारण ते काम बाकीच्या बायका घ्यायच्या नाहीत. माझी कॉलेजची फी त्या बाथरूमांतून भरली गेली. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि फी कुठून आली हे सांगायला मला कधी लाज वाटलेली नाही.

बाथरूम म्हणजे अ‍ॅसिड. जुन्या सोसायट्यांत बोअरचं पाणी, त्याने नळावर आणि टाइल्सवर पांढरा थर धरायचा. सायकलवरून एक माणूस कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांतून अ‍ॅसिड विकायचा. ओतलं की फेस यायचा, वाफ उठायची, आई पदर नाकाशी धरून ब्रश मारायची. दोन मिनिटांत टाइल्स स्वच्छ. बोटांची सालं निघायची, ती खोबरेल लावायची. खोकला मात्र खोबरेलाने जाणारा नव्हता. मी बी.एस्सी. होईपर्यंत तो बारमाही झाला होता. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायची आणि मग पुढे चढायची. डॉक्टरांनी एक्स-रे बघून तोंडात मारायचा दम्याचा पंप दिला आणि सांगितलं, ही वाफ थांबली नाही तर पंप कायमचा लागेल, आणि पुढे पंपानेही भागणार नाही.

आई म्हणाली, "बाथरूम सोडलं तर घरंच सुटतील. त्यांना एकाच बाईकडून सगळं पायजे."

मी केमिस्ट्री शिकलेली, तळोज्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरीला लागलेली. थर आंबट पदार्थाने सुटतो, त्यासाठी एवढं जहाल अ‍ॅसिड लागत नाही, हे मला पाठ होतं. वाशीत हॉटेलवाल्यांना माल देणारं एक दुकान आहे, तिथून पांढऱ्या व्हिनेगरचा कॅन आणला आणि आमच्या मोरीतल्या नळावर ओतला. फेस नाही, वाफ नाही.

"हे तर चायनीजच्या गाडीवर मिरच्यांत घालतात," आई म्हणाली. "ह्याच्यानं काय निघनार?"

"नूडल्स निघतील," पप्पा भिंतीजवळून म्हणाले.

मी फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळलं. अर्ध्या तासाने काढलं आणि आईला म्हटलं, घास. तिने नुसता अंगठा फिरवला तर थर सुटून आला. तिने नळ दोन्ही बाजूंनी बघितला.

"अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "तवर मी काय करू?"

"आल्या आल्या भिजवून ठेवायचं. मग भांडी, मग लादी, शेवटी बाथरूम घासायचं."

"आल्या आल्या संडासात जाऊ आनि तेच हात भांड्यांना लावू? आपल्या घरात तरी लावते का मी?"

"हातमोजे घाल."

"हातमोजा कुनाला दिसतोय? मी संडासातून किचनमध्ये गेलेली दिसनार."

तिचं खरं होतं. बाथरूम शेवटी, मग हातपाय धुऊन थेट घराबाहेर, हा तिचा नियम होता आणि तो मालकिणींपेक्षा तीच जास्त पाळायची. म्हणजे ती यायच्या आधी कुणीतरी व्हिनेगर ओतून ठेवायला हवं होतं. हे कुणीतरी म्हणजे घराची मालकीण. इतक्या वर्षांत आईने कुठल्याही मालकिणीला काम सांगितलं नव्हतं. सुट्टीसुद्धा ती खाली बघून मागायची.

"मी येऊन सांगू का?" मी विचारलं.

"तू नको. तुला हो म्हनतील आनि नंतर मला टोमने मारतील. तू कॅन घेऊन चल फक्त."

रविवारी आम्ही चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. रिटायर्ड शिक्षिका, स्वभावाने कडक. आईला सगळ्यात जास्त पगार तिथलाच. मी कॅन घेऊन दारात उभी राहिले. आईला आधी दम घ्यावा लागला.

"काकू, उद्यापासून एक करा. आंघोळ झाली की हे नळावर आनि लादीवर ओतून ठेवा. मी येऊन घासते."

"म्हणजे मावशी, बाथरूम मी धुवायचं आणि पगार तुम्ही घ्यायचा?"

"धुवायचं नाय. नुसतं ओतायचं. घासनार मीच."

"आणि अ‍ॅसिडला काय झालं? इतकी वर्षं चाललं की."

"तुमचं चाललं. माझं नाय चाललं. आत्ता जिना चढून आले, बघताय की."

काकूंनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला. "लोणच्याची बरणी उघडल्यासारखं वाटतंय."

"वाळलं की वास जातो."

"आणि नाही निघाले डाग तर?"

"तर दुसरी बाई बघा. अ‍ॅसिडला मी हात लावनार नाय आता."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. काकूंनी कॅनचं झाकण परत लावलं.

"दुसरी बाई बघा म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गावाला जाता तेव्हा बघते की मी दुसऱ्या बायकांचं काम. ठेवा तो कॅन आत. आणि किती ओतायचं ते तुमच्या मुलीला सांगू दे, शिकलेली आहे ना ती."

मी सांगितलं. नळाला भिजलेलं फडकं गुंडाळायचं, लादीवर निम्मं पाणी घालून ओतायचं. मार्बलवर अजिबात नाही, डाग पडतो. आणि ब्लीचिंग पावडरबरोबर कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. काकूंनी परीक्षा घेतल्यासारखं मला सगळं पुन्हा म्हणायला लावलं.

खाली उतरताना मी आईला म्हटलं, "घर गेलं असतं म्हणजे?"

"गेलं असतं तर गेलं असतं. तू कमावतेस ना आता? मग मी कशाला भिऊ?"

जुना थर सुटायला बरेच आठवडे गेले. आई कुरकुरायची, अ‍ॅसिडपेक्षा हात जास्त चालवावा लागतो म्हणायची. एका घरात साहेब म्हणाले की तो झणझणीत वास आल्याशिवाय बाथरूम धुतल्यासारखं वाटत नाही. ते घर आईने सोडलं. बाकीच्यांनी तक्रार करत करत ऐकलं. एक वहिनी रोज विसरायच्या. त्यांना आई दारातूनच विचारायची, "ओतलंय का, का जाऊ?"

याला आता वर्ष उलटून गेलं. आईकडे चार घरं आहेत आणि चारही घरांत अ‍ॅसिडची बाटली नाही. तिचा खोकला थांबला आहे. डॉक्टरांनी पंप बंद केला आहे.