तात्यांच्या नावावर सुरेखावहिनींची दाढ

“बसा. दात दाखवा,” डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

मी शेजारीच उभी होते. सांगलीच्या आमच्या एजन्सीनं दातांचा विमा नुकताच सुरू केला होता. तात्या माझे पहिले ग्राहक. आष्ट्याच्या या क्लिनिकात आमची पॉलिसी चालते, म्हणून मी मुद्दाम आले होते.

“यांना काय त्रास आहे?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“मला कुठला तरास?” तात्या म्हणाले. “दाढ सुनंची दुखतीया.”

सून म्हणजे सुरेखावहिनी. गालाला पदर लावून बाकावर बसल्या होत्या. चार दिवस ताकभातावर काढले होते.

“मग खुर्चीत तुम्ही का?”

“तुमची काउंटरवरची पोरगी म्हणाली, पॉलिसी ज्याच्या नावावर त्यानं बसायचं.”

चूक माझी होती. फॉर्म मी फोनवर भरला होता. नाव कुणाचं घालू, विचारल्यावर तात्या म्हणाले होते, “माझंच की. गॅस, हिरीवरल्या मोटारीचं कनेक्शन, कारखान्याचा शेअर, समदं माझ्याच नावावर हाय.” फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, गेल्या वर्षभरात दात दुखले का? ते म्हणाले, न्हाई. खरंच होतं ते. दात आहेत का, हा प्रश्न कंपनीनं छापला नव्हता आणि मला सुचला नव्हता.

आमची पॉलिसी स्वस्तातली. ज्याचं नाव, त्याच्याच दातांना लागू. साफसफाई, दातात सिमेंट भरणं, दात काढणं यांचा खर्च मिळतो. रूट कॅनॉलला वेटिंग पिरियड आहे, म्हणजे पहिले काही महिने त्याचे पैसे मिळत नाहीत. कवळी एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे कधीच नाही. थोडक्यात, तात्यांच्या तोंडात कंपनीनं खर्च करावा असं काहीच नव्हतं.

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. “सर, ही पॉलिसी फ्री-लुकमध्ये परत करू.” नवीन पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येते, त्याला फ्री-लुक म्हणतात. ती मुदत परवा संपत होती.

“परत? महिनाअखेरीला? त्यापेक्षा सुनेलाच त्यांच्या नावावर बसव ना. दाढेवर काय नाव कोरलेलं असतं?”

“सर, हा खोटा क्लेम होतो. मी करणार नाही.”

“तू नोकरी करतीस का आंदोलन?”

“सध्या नोकरी, सर.”

फोन कट झाला. साहेबांचा विषय संपला, पण परत करायच्या फॉर्मवर तात्यांची सही हवी होती. मी आत जाऊन त्यांना तसं सांगितलं.

“परत कशाला?” तात्या म्हणाले. “त्यात तिचं नाव खाली बारीक अक्षरात लिव की.”

“तशी सोय नाही, तात्या. त्यांची पॉलिसी वेगळीच काढावी लागेल.”

“मी जित्ता असताना सुनंच्या नावावर कागुद? गाव काय म्हणंल?”

वहिनींनी गालावरचा पदर खाली घेतला. “मामंजी, मग ही दाढबी घ्या तुमच्या नावावर. आज रातच्याला तुमी ठणकून घ्या, मी झोपती.”

डॉक्टर खिडकीकडं बघायला लागले. तात्यांनी कवळी तोंडात बसवली आणि माझ्यासमोर हात केला. “आण पेन.”

त्यांची सही झाल्यावर मी वहिनींना खरं ते सांगितलं. आज दुखणाऱ्या दाढेला उद्या काढलेला विमा उपयोगी पडत नाही. मी त्यांना सांगलीच्या डेंटल कॉलेजात पाठवलं. तिथं शिकणारी मुलं काम करतात, वर प्रोफेसर उभे असतात, आणि खर्च आपल्या आवाक्यातला. तीन फेऱ्यांत रूट कॅनॉल झालं. माझा इन्सेंटिव्ह गेला.

दोन महिन्यांनी वहिनी स्वतः ऑफिसात आल्या. पॉलिसी स्वतःच्या नावानं काढली. वेटिंग पिरियड किती, काय मिळत नाही, आधी हे विचारलं, हप्ता मग. तात्या सोबत होते.

“नॉमिनीत माझं घाल,” ते म्हणाले.

वहिनींनी पेन घेतलं आणि लेकीचं नाव लिहिलं.

तेव्हापासून मी फोनवर फॉर्म भरत नाही. समोर बसवते आणि पहिल्यांदा विचारते, “दुखतंय कुणाचं?” बहुतेक वेळा उत्तर देणारा माणूस दुसऱ्याकडं बोट दाखवतो.