अमावस्येला वर येणारं पाणी

आमच्या उद्योजक निसर्ग मंचाचं मिनिट्सचं रजिस्टर माझ्याकडे असतं. बाकी कुणाचं अक्षर लागत नाही आणि माझा खोक्यांचा कारखाना आहे, म्हणजे कागदाशी आपलं नातं आहे, एवढ्या भांडवलावर मला सचिव केलं. रजिस्टरमध्ये प्रत्येक मीटिंगच्या तीन ओळी आहेत. उपस्थिती, विषय, चहापानानंतर सभा संपली. खरी मीटिंग त्यात कधीच मावली नाही. ती चहाच्या आधी झाली, नाहीतर गाडीच्या दाराला हात लावून उभं राहिल्यावर झाली. ते सगळं दोन वर्षं माझ्या डोक्यात साठत गेलंय. आता जागा रिकामी करायला म्हणून थोडं तुमच्याकडे उतरवतो.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे गोंधळ नको. नंदुरबारहून तळोद्याकडे जाताना एक नाला लागतो. त्याच्या काठाने आम्ही चौघं आहोत. सगळ्यात वर वसंतअण्णांचं कापसाचं जिनिंग आणि त्यामागे त्यांची केळीची बाग. खाली जिग्नेशभाईंचं केळीचं पॅकहाऊस, तिथून केळी धुऊन, पॅक होऊन आखातात जातात. मग माझा कारखाना. आणि सगळ्यात खाली हनीफशेठची मिरचीची पथारी, म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोकळं मैदान. तिथे हिवाळाभर अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांतल्या बाया पाल टाकून राहतात आणि मिरचीचे देठ खुडतात.

*

पहिल्या मीटिंगला पुण्याहून सल्लागार मॅडम आल्या होत्या. मुलगी हुशार, तिशीची, पायात ट्रेकिंगचे बूट. तिने विचारलं की हवामान, निसर्ग वगैरे विषयांवर आपण का एकत्र आलो, ते प्रत्येकाने मोकळेपणाने सांगा.

जिग्नेशभाई म्हणाले की आखातातली पार्टी हल्ली केळीबरोबर पाण्याचा हिशोब मागते. अण्णा म्हणाले की त्यांच्या सूतगिरणीवाल्याने एक फॉर्म पाठवलाय. त्यात विचारलंय, 'एका गाठीमागे आपण किती पाणी वापरता?'

"मग काय लिहिलंत?" मॅडमने विचारलं.

"पुरेसं," अण्णा म्हणाले.

आम्ही हसलो. मग हनीफशेठची पाळी आली. त्यांना कुठलाच फॉर्म आलेला नव्हता. ते म्हणाले, "मन्ही विहीर आटी ऱ्हायनी."

त्यांच्या आजोबांनी खणलेली ती विहीर. पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचं, आता संक्रांत झाली की तळ दिसतो. पाणी संपलं की बाया थांबत नाहीत. पोरंबाळं घेऊन ऊस तोडायला गुजरातेत जातात, आणि अर्धी मिरची देठासकट तशीच पडून राहते. दोन वर्षं असंच झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर शेठ पथारी बंद करणार होते, आणि हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की हसू आमच्या तोंडावरच गोठलं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'पाणी या विषयावर चर्चा झाली.' त्याच नाल्यावर आपलीही बोअर आहे, हे मी लिहिलं नाही. अजून लाज वाटते.

*

दुसऱ्या मीटिंगला मॅडमने मोठा पांढरा कागद भिंतीवर लावला. प्रत्येकाने आपण किती टक्के पाणी वाचवणार तो आकडा सगळ्यांसमोर बोलायचा, आणि त्या तो लिहिणार.

कुणीच बोलेना.  मॅडमला वाटलं आमची इच्छा नाही, आणि त्यांचा चेहरा उतरला. खरं कारण वेगळंच होतं. इथे मिरचीचा असो, बैलाचा असो, मोठा सौदा व्हायचा तर दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि बोटं दाबून आकडा कळवला जातो. बाकीच्या बाजाराला कळता कामा नये. आयुष्यभर जे रुमालाखाली केलं ते भिंतीवर कसं करायचं?

शेवटी हनीफशेठ उठले, गळ्यातला चौकड्यांचा रुमाल काढला आणि मॅडमच्या हातावर पसरला. मग आम्ही एकेकजण रांगेने गेलो. जिग्नेशभाईंनी दाबलं, मी दाबलं, शेठने दाबलं. मॅडम बिचाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होत्या. त्यांना वाटलं शपथविधी चाललाय!

अण्णा तेवढे उठले नाहीत. त्यांनी खिशातून सुपारी काढली आणि ती कातरत बसले.

कागद मॅडम कोराच घेऊन गेल्या. जाताना माझ्या कानाशी येऊन विचारलं, की ते मधलं बोट दोनदा दाबलं म्हणजे किती?

*

काहीतरी करून दाखवायचं म्हणून जिग्नेशभाईंनी पुढाकार घेतला. त्यांच्याकडचं केळी धुतलेलं पाणी रोज रस्त्याकडेला सोडलं जायचं. ते चर खणून हनीफशेठच्या विहिरीजवळ न्यायचं आणि शोषखड्ड्यात मुरवायचं ठरलं. चौघांनी खर्च केला, फोटो काढले, नारळ फोडला. आठ दिवसांत विहिरीला हातभर पाणी वाढलं आणि आम्ही सगळे भलतेच खूष झालो.

नवव्या दिवसापासून पथारीवरचा चहा फाटायला लागला. पहिल्या दिवशी दूधवाल्याला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी दूधवाला बदलला. तिसऱ्या दिवशी नव्या दूधवाल्यालाही बोलणी बसली. तो भला माणूस स्वतःची किटली घेऊन आला, स्वतःचं दूध, स्वतःची साखर, आणि सगळ्यांसमोर चहा उकळून दाखवला. तोही फाटला.

मग पथारीवरच्या बायांची मुकादम रेवलीबाई पुढे आली. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, जरा घोळवलं आणि थुंकली. जिग्नेशभाईंना विचारलं, "शेठ, तुम्ही केळाले काय लावतस?"

केळीचा चीक निघावा म्हणून धुण्याच्या टाकीत तुरटी टाकतात, आणि तुरटीने दूध फाटतं. हे जिग्नेशभाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. चर खणताना एकालाही आठवलं नाही! त्याच दिवशी चर बुजवला. तो दूधवाला मात्र महिनाभर आमच्यापैकी कुणाशी बोलला नाही.

*

आता खरी गंमत. विहिरीचं पाणी शेंदायच्या दोराला रेवलीबाईने हाताहातावर गाठी मारलेल्या आहेत. रोज किती गाठी आत गेल्या ते ती बघते. एकदा तिने शेठना सहज सांगितलं, की अमावसले पानी वर येस. नेहमीपेक्षा दोन गाठी कमी लागतात. दुसऱ्या दिवशी परत खाली.

शेठने ते मीटिंगमध्ये सांगितलं आणि आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून बसलो. मॅडमने वही काढली. त्या म्हणाल्या, चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, तसा जमिनीखालच्या पाण्यावरही कुठेकुठे थोडा परिणाम दिसतो, पण आकडे घेतल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. आपल्या नाल्याला भरती येते हे ऐकूनच जिग्नेशभाईंची छाती फुगली. ते आखातातल्या पार्टीला कळवायलाही निघाले होते.

मी त्यांना म्हटलं, जरा थांबा. चंद्राचं काम असेल तर पौर्णिमेलाही पाणी वर यायला हवं.

पौर्णिमेला आम्ही तिघं विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहिलो, मी, जिग्नेशभाई आणि हनीफशेठ. रेवलीबाईने दोर सोडला. एक गाठसुद्धा कमी नाही. पुढच्या अमावस्येला पुन्हा गेलो. दोन गाठी कमी!

मला त्या विहिरीने झपाटलं. खोक्यांच्या ऑर्डरी बाजूला ठेवून मी पंचांग बघत बसायला लागलो. बायको म्हणाली, या वयात आता कुणाची पत्रिका जुळवताय?

*

उत्तर पंचांगात नव्हतंच. ते माझ्याच कारखान्याच्या गेटवर होतं. पुढच्या अमावस्येला मी चुकून कारखान्यात गेलो, तर गेटला कुलूप. मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे अमावस्येला बाजार बंद, जिनिंग बंद, पॅकहाऊस बंद, माझा कारखाना बंद. एवढंच नाही, अण्णांच्या बागेत मोटर चालवणाऱ्या सालदारालाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्यालाही, सुट्टी. अण्णा अजून केळीला पाटानेच मोकळं पाणी देतात. त्यांची बोअर आम्हा सगळ्यांपेक्षा खोल, आणि महिन्यातून एकच दिवस तिची मोटर गप्प असते.

मी हे शेठना सांगितलं. ते म्हणाले, मला दोन अमावस्यांपासून संशय होता.

"मग बोलला का नाहीत?"

"अण्णा मन्हा दोस्त शे," ते म्हणाले.

खात्री हवी होती, आणि ती आपोआप मिळाली. अण्णा भाचीच्या लग्नाला शहाद्याला गेले आणि सालदाराला सोबत घेऊन गेले. दोन दिवस मोटर बंद. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती, साधी सप्तमी होती. आमचे बाकीचे कारखाने चालू होते. रेवलीबाईच्या दोराच्या तीन गाठी कमी झाल्या.

*

पुढच्या मीटिंगला मॅडमने आलेख काढून आणला होता. अण्णांचं नाव कुठेच नव्हतं, फक्त तारखा आणि गाठी. अण्णांनी तो आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला. मग चष्मा काढला.

"तुन्ही विहीर जुनी शे, हनीफ. बोअर कर तू बी."

शेठ म्हणाले, "करसू. मंग तू मन्हापेक्षा खोल जाशी. मंग मी तुन्हापेक्षा. आपन थांबसूत कोठे?"

 अण्णा म्हणाले की केळी घडावर आली आहे, आत्ता पाणी तोडलं तर वर्षाची मेहनत मातीत जाईल, आणि ठिबकच्या नळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. मग ते उठले. चहासुद्धा घेतला नाही.  राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. हे दोघं एका शाळेत, एका बाकावर बसलेले. मंच संपला असं मी धरून चाललो. वाईट वाटलं मला.

संक्रांत होऊन गेली. विहिरीचा तळ दिसायला लागला. बाया पालं आवरायची भाषा करायला लागल्या. रेवलीबाईने शेठना सांगितलं की गुजरातची गाडी पुढच्या आठवड्यात येणार, आम्ही जातो. शेठने मान हलवली. थांबा म्हणायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

*

त्यानंतर दोन दिवसांनी मी खोक्यांचं माप घ्यायला पथारीवर गेलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. मैदानभर लाल मिरची, नाकाला झिणझिण्या. मी आणि शेठ खाटेवर बसलो होतो, तेवढ्यात अण्णांची गाडी आली.

अण्णा उतरले. विहिरीपाशी गेले आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. रेवलीबाई तिथे दोर घेऊन उभी होती. तिच्या हातातून त्यांनी दोर घेतला, स्वतः बादली सोडली, आणि गाठी मोजताना त्यांचे ओठ हललेले मला खाटेवरून दिसले. बादली वर आली तेव्हा तिच्यात निम्मं गढूळ पाणी होतं.

मग ते आमच्याकडे आले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "सचिव, बस." ते शेठच्या शेजारी बसले आणि उजवा हात पुढे केला.

शेठने त्यांच्याकडे बघितलं. गळ्यातला रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

सौदे मी पुष्कळ बघितलेत. एवढा लांब चाललेला नाही बघितला. रुमाल हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. एकदा शेठने मान हलवली, नाही म्हणून. एकदा अण्णांनी डोळे मिटले. मी अगदी समोर बसलो होतो आणि कोण काय मागतंय, कोण काय देतंय, मला काही कळत नव्हतं. मग रुमाल शांत झाला. तरी हात काही वेळ आतच होते.

अण्णा उठले आणि गाडीत बसून गेले. मी शेठना विचारलं, काय ठरलं?

"सौदा सांगतस का कोनले?" शेठ म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसले. मिरचीचा रुमाल होता, त्यामुळे नंतर बराच वेळ पुसत बसावं लागलं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'दोन सदस्यांत चर्चा झाली.' दुसरं काय लिहिणार?

पाच दिवसांनी गुजरातची गाडी आली तेव्हा मी पथारीवरच होतो. पालांपाशी बोचकी बांधून ठेवलेली होती. निघण्याआधी पोरांना पाणी पाजायचं म्हणून रेवलीबाई विहिरीवर गेली. तिने दोर सोडला, थांबली, आणि पुन्हा वर ओढून गाठी बघितल्या. आम्ही तिघं, मी, शेठ आणि गाडीचा ड्रायव्हर, तिच्याकडे बघत होतो. त्या दिवशी पौर्णिमा होती. मी पंचांग बघून आलो होतो.

तिने बादली काठावर ठेवली. काठोकाठ भरलेली होती. मग शेठकडे वळून तिने विचारलं,

"शेठ, आज अमावस शे का?"