जास्तीची भूक

तामसी गावात आमच्या शेजारी एक शिक्षिका राहायच्या. मुलांशी बोलताना त्या आधी खाली बसायच्या.

माझी लेक हुशार मुलांच्या सरकारी निवासी शाळेत निवडली गेली आणि तिची मैत्रीण सुमी राहून गेली, तेव्हा लेकीनं त्यांना ऐटीत सांगितलं, "बाई, मी हुशार निघाली. सुमी ढ."

बाई अंगणात टेकल्या. "तुले गणिताची भूक लय हाये. आमच्या शाळेत तेवढं वाढाले नाही, म्हणून तिकडे धाडून राह्यलो. भूक जास्त असली म्हणून कोणी मोठं होते का?"

लेक विचारात पडली. "मग सुमीले कशाची भूक हाये?"

"मले नाही माहीत. तिलेच विचार."

ती मैत्रिणीकडे पळाली. दिवेलागणीला येऊन म्हणाली, "आई, सुमी सगळ्या पाखरांचे आवाज काढते! मले एकबी नाही जमला."

एवढी खूश ती निवड झाली त्या दिवशीही नव्हती. मी थक्क होऊन बाईंच्या दाराकडे बघत राहिले.